होस्टिंगच्या खात्यात आधीच पडलेलं सामान

बेळगावात शहापूरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांचे वार्षिक अहवाल ही मूळची कामं. वेबसाइटची कामं त्यातूनच आली. ज्यांचा अहवाल मी टाइप करते त्यांनाच पुढं वाटायला लागतं की हे नेटवर पण असावं. वडगावातले साड्यांचे व्यापारी, खानापूरकडचं एक वाचनालय, एक-दोन पतसंस्था, निपाणीचे एक दुकानदार अशी माझी गिऱ्हाइकं. सगळ्यांचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, साधं, शेअर्ड (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला), सीपॅनेलवालं. सीपॅनेल म्हणजे ते खातं सांभाळायचं पान. आणि सगळ्यांचा प्रश्नही सारखाच असतो, "ताई, यात अजून काय काय घ्यावं लागतंय?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी आत काय पडलंय ते बघूया.

नूतनीकरणाची तारीख जवळ आली की कंपनीकडून लांबलचक यादी येते. एसएसएल (साइटची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सर्टिफिकेट) वेगळं, बॅकअप वेगळा, 'प्रोफेशनल ईमेल' वेगळं, वेबसाइटची 'सुरक्षा' वेगळी. वडगावच्या शेटजींनी अशीच एक यादी मला व्हॉट्सॲपवर टाकली आणि खाली लिहिलं, "हे सगळं घ्यायलाच पाहिजे काय? खरं मागच्या वर्षी तर कुणी मागितलं नव्हतं." त्यांचं सीपॅनेल उघडून एसएसएलच्या पानावर गेले, तर ऑटोएसएसएल चालू आणि डोमेनसमोर, म्हणजे साइटच्या पत्त्यासमोर, हिरवं कुलूप. सर्टिफिकेट कधीचंच बसलेलं होतं आणि न सांगता नवं होत होतं. ही फुकटची सर्टिफिकेटं म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ च्या डिसेंबरपासून सगळ्यांना खुली आहे. तिचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपायच्या आत सर्व्हरवरचं सॉफ्टवेअरच ते बदलून घेतं. काही होस्ट ही सोय मुद्दाम बंद ठेवतात आणि तेच कुलूप पैसे घेऊन विकतात. तसं दिसलं की मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते, या वर्षी भरा, पुढच्या वर्षी इथं राहायचं नाही.

पण 'आधीच आहे' याचा अर्थ 'कोणीतरी बघतंय' असा नसतो, आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते. मंगल कार्यालय घेतलं की पातेली, शेगड्या, जनरेटर कार्यालयाचे. शेगडी बिघडली तर मालक बघणार. तांदूळ-गूळ मात्र आपण नेलेला, त्याला मुंग्या लागल्या म्हणून मालकाशी भांडून उपयोग नाही. पीएचपी ही साइटच्या प्रोग्रामची भाषा, मारियाडीबी हा डेटाबेस (मायएसक्यूएलचाच भाऊबंद), पानं पाठवणारा अपाची किंवा लाइटस्पीड, एक्झिम हा मेल सर्व्हर, डेटाबेस उघडून बघायचं पीएचपीमायॲडमिन ही सगळी कार्यालयाची भांडी. त्यांचे सुरक्षेचे अपडेट होस्टनं टाकायचे. सॉफ्टॅक्युलस या तयार सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या सोयीचं बटण दाबून वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) बसवलं की त्याच्या फायली आपल्या फोल्डरात उतरतात, आपला डेटाबेस तयार होतो, आणि तिथून पुढं ते आपलं धान्य. सीपॅनेलच्या पानावर दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी, एकाच आकाराची असतात. त्यामुळं लोकांना वाटतं, कंपनीनं दिलेलं आहे म्हणजे कंपनीच सांभाळणार. नाही सांभाळत. वर्षानुवर्षं न हात लावलेलं वर्डप्रेस आणि त्यातले जुने प्लगिन (जादा सोयींचे जोड) घेऊन माझ्याकडं आलेली माणसं "आम्ही तर काहीच केलं नाही" असं म्हणतात, आणि तेवढंच कारण असतं.

म्हणून सॉफ्टॅक्युलसचा फॉर्म मी घाईत भरत नाही. 'इन डिरेक्टरी' या खान्यात पुष्कळदा 'डब्ल्यूपी' असं आधीच भरलेलं असतं. ते पुसून खाना रिकामा ठेवला नाही तर साइट डोमेनच्या मुख्य पत्त्यावर न उघडता एक पायरी आत जाऊन बसते. ॲडमिनचं नाव 'ॲडमिन' ठेवायचं नाही. आपोआप अपडेटच्या खुणा करायच्या. ॲडमिनचा ईमेल संस्थेचा द्यायचा, अध्यक्षांच्या पुतण्याचा नाही. पुतण्या बेंगळुरूला नोकरीला गेला की पासवर्डही जातो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता फॉर्म भरायच्या आधीच विचारते, "हा ईमेल कुणाचा?"

वाचनालयाचं काम जरा सविस्तर सांगते, कारण आत पडलेल्या सामानाची खरी किंमत मला त्या कामात कळली. कमिटीतल्या एका काकांना कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर पाहिजे होतं. त्यांच्या मुलाच्या कॉलेजात आहे, फुकट आहे, मग आपल्याला का नको? कोहा चांगलंच आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, २००० साली तिथं सुरू झालं, आणि आज जगभर चालतं. पण ते पर्ल या भाषेत लिहिलेलं आहे, त्याला स्वतःचा लिनक्स सर्व्हर लागतो, आणि सर्व्हरवर पूर्ण हक्क लागतो. शेअर्ड होस्टिंगवर तो हक्क मिळत नाही. वाचनालयाला हवं काय होतं? पुस्तकं शोधता यावीत, सभासदांची यादी नीट लागावी. त्यासाठी डेटाबेसमधली दोन टेबलं आणि पीएचपीची चार पानं पुरे. दोन्ही गोष्टी खात्यात होत्याच.

पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये होती, पण जुन्या डीटीपी फॉन्टात. म्हणजे पडद्यावर मराठी दिसते आणि फॉन्ट काढला की खाली रोमन अक्षरांची खिचडी. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या जागतिक अक्षरपद्धतीत, बदलणं हे माझं रोजचंच काम, त्याचं कौतुक नाही. त्यानंतर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' (युनिकोड मजकूर साठवायचा साधा प्रकार) म्हणून सेव्ह करून पीएचपीमायॲडमिनच्या इंपोर्टमधून चढवायची. एक्सेल अशा फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी एक खूण घालतं, बीओएम म्हणतात तिला. ती पहिल्या रकान्याला चिकटली तर पहिला दाखल नंबर शोधताना कधीच सापडत नाही. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडून 'बीओएमशिवाय' सेव्ह केली की झालं.

या वाचनालयात मराठीबरोबर कन्नड पुस्तकंही आहेत, आमच्या भागात ते असतंच. पूर्वी कुणीतरी केलेल्या साइटवर दोन्ही भाषांचा मजकूर फुटलेला होता. पानावर नुसती चिन्हं. पण ती चिन्हं सरसकट नसतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीचं एकक) असतं आणि सगळ्यांची सुरुवात एकाच बाइटनं होते. मधल्या कोडिंगनं, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीनं, घोळ घातला की तो पहिला बाइट डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए म्हणून दिसतो. कन्नडचीही सुरुवात त्याच ए नं होते. फरक पडतो दुसऱ्या चिन्हात. मराठी असेल तर ए च्या मागं चार कोपऱ्यांना किरण फुटलेलं गोल चिन्ह किंवा जपानी येनची खूण येते. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांच्या वाटेला येन. कन्नड असेल तर वर चढवलेला छोटा २ नाहीतर ३. त्या फुटक्या पानावर बोट ठेवून मी काकांना दाखवलं, ही ओळ मराठी पुस्तकाची, ही कन्नड. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "फुटलं तरी भाषा सोडली नाही की ओ यांनी."

उपाय म्हणजे डेटाबेस, टेबल आणि जोडणी तिन्ही एकाच कोडिंगवर आणायची. ते कोडिंग 'यूटीएफ८एमबी४' हेच घ्यायचं. मायएसक्यूएलमधलं जुनं नुसतं 'यूटीएफ८' अक्षरामागे तीनच बाइट ठेवतं. देवनागरी त्यात बसते, म्हणून पुष्कळ दिवस काही कळत नाही. इमोजी चार बाइटची. वाचनालयाच्या अभिप्राय फॉर्मवर हीच गंमत होती. आमच्याकडची वडीलधारी मंडळी कुठलाही निरोप हात जोडलेल्या चिन्हानं सुरू करतात. जुन्या कोडिंगच्या टेबलात, नियम ढिले असले तर, जिथं इमोजी आली तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. चिन्ह पहिलंच, त्यामुळं अख्खा अभिप्राय गायब. तरुण पोरांचे दोन शब्दांचे अभिप्राय शाबूत, आणि आजोबांचे दोन परिच्छेद कोरे. मायएसक्यूएलमध्ये चार बाइटांची सोय २०१० पासून आहे, पण जुन्या साइट तशाच चालत राहतात.

मग यादीचा क्रम. डेटाबेस साधारणपणे अक्षरं युनिकोडच्या क्रमांकानं लावतो, आणि युनिकोडात ळ हा ल च्या शेजारी बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या मागं. त्यामुळं सभासदांच्या यादीत काळे हे कासारांच्या आधी येतात. क्ष आणि ज्ञ तर युनिकोडात स्वतंत्र अक्षरंच नाहीत. क, हलन्त, ष किंवा ज, हलन्त, ञ अशी ती जोडणी. म्हणून क्षीरसागर हे क च्या घोळक्यात, कोवाडकर-कौलगी यांच्या मागोमाग लागतात, आणि आयुष्यभर कार्डांच्या ड्रॉवरमध्ये शेवटी बघायची सवय असलेला ग्रंथपाल म्हणतो, "नावच नाही यात." मी टेबलात क्रमासाठी एक जादा रकाना घातला. त्यात ळ, क्ष, ज्ञ यांच्या जागी ह च्या पुढं लागतील अशी खुणेची अक्षरं पीएचपी आपोआप भरतं. यादी त्या रकान्यानं लावायची आणि दाखवायचं मूळ नाव. असलं काम कुठल्याच तयार प्लगिनमध्ये मला मिळालं नाही, आणि पीएचपीत ते दहा ओळींत होतं.

पीएचपीत आणखी एक वस्तू आत असते, अनेक बाइटांची अक्षरं नीट हाताळणारं एमबीस्ट्रिंग. मुख्य पानावर बातमीचे पहिले काही शब्द दाखवायचे असले की पुष्कळजण साधं कापायचं फंक्शन वापरतात. ते बाइट मोजतं, अक्षरं नाही. 'बेळगाव' डोळ्यांना चार अक्षरं, युनिकोडच्या हिशेबानं सहा, बाइट मोजले तर १८. मध्येच कापलं की शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह उमटतं. 'एमबी'वालं फंक्शन वापरलं की निदान अर्धवट अक्षर होत नाही. सीपॅनेलमध्ये पीएचपीच्या एक्स्टेन्शनच्या यादीत एमबीस्ट्रिंगसमोर खूण आहे का तेवढं बघून घ्यायचं.

त्याच भागात पीएचपीची आवृत्ती निवडता येते. शेटजींची जुनी साइट एका सकाळी कोरी पांढरी झाली होती. फायली जागेवर, डेटाबेस जागेवर. फाइल मॅनेजरमध्ये 'एरर_लॉग' ही चुकांची नोंद उघडल्यावर कळलं की डेटाबेसशी जोडायचं फंक्शनच अस्तित्वात नाही. होस्टनं आवृत्ती वर नेली होती, आणि जुनी 'मायएसक्यूएल'वाली फंक्शनं पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ लाच, काढून टाकलेली. दिवाळीचा सीझन तोंडावर, म्हणून तात्पुरती जुनी आवृत्ती लावली, साइट उठली, आणि गर्दी ओसरल्यावर कोड त्यांच्या जागी आलेल्या 'मायएसक्यूएलआय'वर आणला. जुन्या आवृत्तीवर कायमचं बसायचं नाही. पीएचपी ७.४ चासुद्धा पाठिंबा २०२२ च्या नोव्हेंबरात संपलाय.

क्रॉनबद्दल, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीबद्दल, मला विशेष प्रेम आहे. सीपॅनेलमधलं सगळ्यात कमी उघडलं जाणारं पान ते असावं. वर्डप्रेसचं स्वतःचं एक क्रॉन असतं, पण ते कुणीतरी साइट उघडली तरच हलतं. मोठ्या साइटला फरक पडत नाही. खानापूरकडच्या वाचनालयाच्या साइटवर रात्रभर कुणी फिरकत नाही, त्यामुळं सकाळी सहाला लागायची व्याख्यानाची सूचना कुणीतरी दहाला साइट उघडल्यावर लागते. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ते आतलं क्रॉन बंद करायचं आणि सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला दर पंधरा मिनिटांनी वर्डप्रेसची 'डब्ल्यूपी-क्रॉन' ही फाइल चालवायला सांगायचं. रोज ठरावीक वेळेला चालवायचं काम असेल तर वेळ भरताना सर्व्हरचं घड्याळ बघा. पुष्कळ सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर असतात, आपण साडेपाच तास पुढं. मिनिटाच्या खान्यात ३०, तासाच्या खान्यात ०, बाकीच्या तिन्हींत चांदण्या टाकल्या की आपल्याकडं सकाळचे सहा.

डेटाबेसचा बॅकअपही मी क्रॉननंच घेते. फाइलीच्या नावात तारीख घालायची असेल तर टक्केवारीच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. क्रॉन टक्क्याला ओळ तोडायची खूण समजतं, आणि हातानं चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये मुकाट्यानं फसते. आणि बॅकअपची फाइल पब्लिक_एचटीएमएल या सगळ्यांना उघड्या फोल्डरच्या बाहेर ठेवायची. आत ठेवली तर तिचं नाव ओळखणारा कुणीही ती उतरवून घेईल, पतसंस्थेच्या बाबतीत तर सभासदांच्या पत्त्यांसकट. शिवाय त्याच खात्यात पडलेली प्रत हा काही भरवशाचा बॅकअप नाही. बिल थकून खातं बंद पडलं तर साइट आणि प्रत दोन्ही एकत्रच बंद. महिन्यातून एकदा मी ती दुकानातल्या पीसीवर उतरवते.

मेलचं थोडक्यात. संपर्क फॉर्मचे मेल येत नाहीत ही कायमची तक्रार. नव्वद टक्के वेळा फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता पाठवणारा म्हणून लावलेला असतो. आपला सर्व्हर कुणाच्यातरी जीमेलच्या नावानं पत्र पाठवतोय, ते कोण स्वीकारणार? पाठवणारा आपल्या डोमेनचा ठेवायचा, फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घालायचा. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्र खरंच त्या डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लागतं. सीपॅनेलमधल्या 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी'च्या पानावर दोन्ही दुरुस्त करायची सोय आहे, तेवढ्यासाठी महागडं ईमेल घ्यायला नको. पतसंस्थेचा रोजचा व्यवहार मेलवर चालत असेल तर मात्र मी वेगळी मेलसेवाच घ्यायला सांगते. शेअर्ड सर्व्हरवरच्या एका शेजाऱ्यानं स्पॅम पाठवला तर सगळ्यांचा मिळून असलेला सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो, आणि त्यावर आपल्या हातात काही नसतं.

पत्त्याच्या ओळीत बेळगाव लिहायचं की बेळगावी, यावर सीपॅनेलमध्ये काही सोय नाही. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी नाव बदललं, तेव्हापासून हा विषय प्रत्येक कमिटीत निघतो. मी फॉर्ममध्ये तो खाना त्यांच्याकडूनच भरून घेते आणि चहा मागवते.

सीपॅनेलच्या पानावरच्या एका चित्राला मात्र मी हात लावत नाही, कंपनीचा स्वतःचा साइट बिल्डर. ओढा, सोडा, साइट तयार. दिसायला छान. पण त्यात केलेली साइट बहुधा त्याच कंपनीत चालते. दुसऱ्या होस्टवर न्यायची म्हटलं की ना डेटाबेस हाताला लागतो, ना पानांच्या कामाच्या फायली. निपाणीच्या दुकानदारांचं तसंच झालं होतं. दर वाढले म्हणून त्यांना बाहेर पडायचं होतं आणि बाहेर काढण्यासारखं काही नव्हतं. शेवटी एकेक पान उघडून मजकूर कॉपी केला, फोटो एकेक करून उतरवले आणि सगळं वर्डप्रेसमध्ये नव्यानं उभं केलं. त्याचं बिल मी वेगळं लावलं, आणि त्यांनी कुरकुर न करता दिलं.